दूध घातलेला दहीभात

आमच्या खालच्या मजल्यावरच्या पोरानं सलग चार दिवस गॅलरीत वाटीभर दहीभात ठेवला आणि पाचव्या दिवशी त्याची आई ती वाटी घेऊनच माझ्या दारात आली. मार्च सुरू होता. सोलापुरात मार्चमधल्या दुपारी तीन वाजता गॅलरीतल्या स्टीलच्या वाटीचं काय होतं, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. भाताला आंबूस वास, कडेनं मुंग्यांची रांग, आणि वर फोडणीतली लाल मिरची तेवढी जशीच्या तशी.

"काकू, काय सांगून ठेवलंय तुम्ही ह्याला? रोज मला भात कालवायला लावतो, वर फोडणी पाहिजे म्हणतो, आणि हात लावू देत नाही कुणाला. कोण येणारंय म्हणे जेवायला."

येणार होता तो श्रीशैलचा मल्लय्या, म्हणजे मल्लिकार्जुन महादेव. आणि त्याला बोलावलं होतं मीच.

नोकरी संपल्यावर वेळ जाईना, म्हणून शनिवारी संध्याकाळी गच्चीवर पोरांना गोष्टी सांगायला लागले, त्याला आता तीन वर्षं झाली. मी काही शिक्षिका नव्हते. आयुष्यभर कचेरीत कारकुनी केली, कीर्तनाचा अभ्यास नाही, पोथ्या वाचते त्या चष्मा सापडला तर. पण आमचा जिना अस्सल सोलापुरी आहे. पहिल्या मजल्यावर तेलुगू बोलणारं घर, दुसऱ्यावर कन्नड, मग आम्ही, आणि तळात वॉचमनच्या खोलीशेजारी सेंट्रिंगचं काम करणारं एक कुटुंब. पोरं घरात आपापल्या आईशी आपापल्या भाषेत भांडतात आणि गच्चीवर आली की मराठीत भांडतात. त्या सगळ्यांना एकत्र बसवायचं तर गोष्ट कुणाची सांगायची, हा प्रश्न मला पडलाच नाही. सोलापुरात तो पडत नाही. सिद्धरामाची सांगायची, सोलापूरच्या ग्रामदैवताची.

गोष्ट बाराव्या शतकातली. सोलापूरचं नाव तेव्हा सोन्नलगी. मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांचा हा मुलगा. लहानपणी फार अबोल, लोकांना मठ्ठच वाटायचा, म्हणून गुरं राखायला पाठवला. शेतात असताना एक जंगम येऊन उभा राहतो. आधी हुरडा मागतो. पोरगं कणसं भाजून देतं. मग जंगम म्हणतो, पोटात आग पडली रे, दहीभात आण. पोरगं घराकडे पळतं, आईकडून दहीभात घेतं, पळत परत येतं, तर शेतात कुणी नाही. हाका मारतं, मल्लय्या, मल्लय्या. वाटेनं श्रीशैलच्या यात्रेकरूंचा जथा चाललेला असतो. ते म्हणतात, मल्लय्या होय, तो आमच्याकडे श्रीशैलला असतो, चल दाखवतो. पोरगं त्यांच्यामागून निघतं. इथून श्रीशैल म्हणजे चारशे किलोमीटरच्या आसपास. तिथं पोचल्यावर त्याला दाखवतात काय, तर दगडाचं लिंग. हा नव्हे माझा मल्लय्या, असं म्हणत ते डोंगरात रडत फिरतं, आणि शेवटी कड्यावरून झोकून देतं. तेव्हा मल्लिकार्जुन त्याला वरच्या वर झेलतो.

मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले आणि सांगताना सगळा जीव त्या कड्यावर ओतला. दरी किती खोल, वारा कसा, पाय कसे सुटले, हात कसा आला. पोरं डोळे फाडून ऐकत होती. मला वाटलं, जमलं. देवावर भरवसा टाकला की तो झेलतो, हे सांगायचं होतं, सांगून झालं.

आणि पहिलीतल्या त्या पोरानं उचललं काय, तर दहीभात.

त्याच संध्याकाळी त्याला विचारलं, "अरे, वाटी कशाला ठेवतोस?" तो जिन्याच्या पायरीवर बसून चप्पल काढत होता. वर न बघता म्हणाला, "तो उशीर झाला म्हणून गेला ना. मी आधीच ठेवतो."

मी तशीच उभी राहिले. पन्नास-पंचावन्न वर्षं ही गोष्ट ऐकतेय, पण त्यात उशीर झाला होता हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्याला मात्र गोष्टीतली चूक बरोबर सापडली होती, आणि ती दुरुस्त करायला वाटीभर भात पुरेसा होता. पाचव्या दिवशी भात बंद झाला तो त्याच्या आईमुळे. त्याचा भरवसा काही सुटला नव्हता. एकदा मांजर येऊन खाऊन गेलं, तेव्हा मी आपली आगाऊपणानं म्हणाले, "मल्लय्याच असेल रे मांजराच्या रूपानं." त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बस. "काकू, ते लाकडाच्या वखारीतलं मांजर आहे."

कड्याचा धडा मला दुसऱ्या एका पोरानं शिकवला. पुढच्याच शनिवारी, कन्नड घरातला सात-आठ वर्षांचा मुलगा गच्चीच्या कठड्याला पोट टेकून खाली वाकून बघत होता. चौथा मजला. मी ओरडले. तो मागं फिरून अगदी शांतपणे म्हणाला, "मी देवाचं नाव घेऊन उडी मारली तर मला पण धरेल?" पाय लटपटणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. त्या रात्री मला झोप नाही. आपण काय सांगतो, कसं सांगतो, त्यातलं काय कुणाच्या डोक्यात कुठं जाऊन बसतं! त्यानंतर कठड्याची उंची वाढवून घेतली, सोसायटीच्या खर्चानं, आणि गोष्ट गच्चीवरनं खाली पार्किंगमध्ये आणली. आजही तो भाग सांगताना मी मुद्दाम सतरंजीवर मांडी घालून बसते. आणि सांगते की सिद्धराम देवाची परीक्षा बघायला कड्यावर गेला नव्हता. तो हरवला होता. घर मागं राहिलं, ज्याच्यासाठी आलो तो दिसत नाही, अशा पोराचा तो आकांत होता. तुम्ही हरवलात तर आधी हाक मारायची, मोठ्यानं, आणि जागेवर थांबायचं. हे संतचरित्रात बसतं का, मला माहीत नाही. गड्ड्याच्या जत्रेत, सिद्धरामाच्या त्या संक्रांतीच्या गर्दीत, मात्र बसतं.

त्या वाटीनंतर मला सगळ्या गोष्टी वेगळ्याच दिसायला लागल्या. आमच्या ह्या एका जिल्ह्यात किती संत, आणि त्यांच्या गोष्टीत किती जेवण आहे बघा. पंढरपूरचा नामदेव. वडील दामाशेटी घरी नाहीत, म्हणून आई गोणाई पोराच्या हाती नैवेद्य देते. पोरगं विठोबासमोर ताट ठेवून बसतं, जेव म्हणतं. देव जेवत नाही म्हटल्यावर हट्टाला पेटतं, डोकं आपटून घ्यायला निघतं, तेव्हा विठोबा जेवतो. मंगळवेढ्याचा चोखोबा. त्याच्याबरोबर विठोबा जेवायला बसलेला, वाढता वाढता बायकोच्या हातून दही सांडतं ते देवाच्या पितांबरावर. चोखोबा तिला म्हणतो, अगं बघ, देवाच्या वस्त्रावर सांडलंस. वाटेनं जाणाऱ्या ब्राह्मणाला वाटतं हा चेष्टा करतोय, तो चोखोबाच्या थोबाडीत मारतो. देवळात जाऊन बघतो तर पितांबरावर दही आणि विठोबाचा गाल सुजलेला. माढा तालुक्यातल्या अरणचा सावता माळी तर भाजीच्या मळ्यातून उठलाच नाही, देवाला मळ्यात यावं लागलं.

आपण पोरांना सांगतो, देव देईल. ह्या गोष्टींत देवच मागतो आहे. भूक त्याला लागलेली. आणि तो मागतो कुणाकडे, तर ज्याला घरचे मठ्ठ समजतात त्या गुराख्याकडे. म्हणजे आधी विश्वास टाकला तो मल्लय्यानं. "दहीभात आण" म्हणाला आणि ह्या पोराच्या भरवशावर शेतात उभा राहिला. लहान मुलाला ह्याच्याइतकी कळणारी दुसरी गोष्ट नाही. त्याच्यावर दिवसभर कुणी काही सोपवत नाही. दूध आणायला पाठवलं तरी बालकनीतून बघत राहतो आपण. आणि इथं खुद्द देव त्याला म्हणतो, तू आणशील ना. पहिलीतल्या पोरानं चार दिवस वाटी का ठेवली, हे मला असं उशिरानं कळलं. त्याला झेलून घ्यायचं नव्हतं. त्याला कुणाच्या तरी उपयोगी पडायचं होतं.

ह्याच्या उलट आपण घराघरातनं काय करतो? देवाला पोलीस करतो. खोटं बोललास तर देव बघतोय हं. जेवला नाहीस तर बाप्पा रागावेल. नाहीतर मग क्लासवाल्यासारखा वापरतो, परीक्षेच्या दिवशी पेन देवापुढं ठेवायचं आणि नव्वद टक्के मागायचे. माझ्या ओळखीच्या एका बाईनं पोराला दहावीत कमी मार्क पडले तेव्हा त्याच्यादेखत देव्हाऱ्याचं दार महिनाभर बंद ठेवलं. पोराला काय वाटलं असेल? मार्क माझे गेले आणि शिक्षा देवाला. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. आणि माझे हात तरी कुठं स्वच्छ आहेत! माझा मुलगा लहान असताना पंख्याला आपटून पडलेलं चिमणीचं पिल्लू मी खोक्यात ठेवलं आणि त्याला म्हटलं, देवाला सांग, तो वाचवेल. सकाळी पिल्लू गेलेलं. मुलगा आता तिशी ओलांडून गेला, पण काही बिनसलं की फोनवर म्हणतो, "आई, देवाला सांगू का?" आणि आम्ही दोघं हसतो. त्या हसण्यात त्याचं किती आणि माझं किती, ते मी अजून मोजलेलं नाही.

माझ्यावर हे संस्कार, म्हणा किंवा काय म्हणा, केले ते आज्जीनं. मंगळवेढा तालुक्यातलं गाव, काळी जमीन, मालदांडी ज्वारीचा पट्टा. पाऊस दिला तर कोठारं भरतात आणि नाही दिला तर माणसं गाव सोडतात, मधलं काही नाही. 1972 च्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. आज्जी आणि आई दोघी खडी फोडायच्या कामावर. मी धाकट्या भावाला घेऊन बाभळीच्या सावलीत. सुकडी मिळायची. तिची चव मला अजून आठवते, गोडसर आणि घशाला चिकटणारी. त्या वर्षी गावानं महादेव कोंडला. नव्या पोरांना हे सांगावं लागतं: पाऊस पडेना की गाभाऱ्याचा उंबरा मातीनं लिंपून बंद करायचा आणि घागरी आणून आणून पिंड बुडेपर्यंत पाणी भरायचं. देवाला गुदमरवायचं, म्हणजे तो पाऊस पाडेल. प्यायला पाणी नसताना बायकांनी कुठनं कुठनं घागरी आणल्या. पिंड बुडाली. दोन दिवस गाव वाट बघत बसलं. आभाळ तसंच, पांढरंफटक.

तिसऱ्या दिवशी आज्जी कळशी घेऊन देवळात गेली, उंबऱ्याची माती तिनं हातानं मोडली आणि गाभाऱ्यातलं पाणी उपसून म्हशीला पाजलं. मी बरोबर होते. पाण्यात बेलाची पानं तरंगत होती. म्हैस पानांसकट प्यायली. कुणीतरी बोललंच, की देवाचं पाणी जनावराला? आज्जी म्हणाली, "त्याची आंघोळ झाली की. आता हिची तहान." एवढंच. ती देवावर चिडलेली नव्हती आणि घाबरलेलीही नव्हती. संध्याकाळी तिनं नेहमीसारखी त्याच देवळात पणती लावली, तेलही नेहमीइतकंच घातलं. दुष्काळात तेल कमी घालता आलं असतं.

आणि रात्री ती दामाजीची गोष्ट सांगायची. दामाजीपंत मंगळवेढ्याचे, बिदरच्या बादशहाच्या चाकरीत. दुष्काळ पडला, लोक अन्नावाचून मरायला लागले, तेव्हा ह्यांनी सरकारी धान्याची कोठारं उघडली आणि वाटून टाकली. बादशहाला कळलं. पंतांना धरून आणायला माणसं निघाली. पंत पोचायच्या आधीच विठू महार नावाचा कुणी एक बिदरच्या दरबारात गेला, सगळ्या धान्याचे पैसे मोजून भरले आणि पावती घेऊन आला. ती पावती पंतांना पोथीत सापडली. मग उलगडलं, की तो विठोबा.

गोष्ट सगळ्यांची एकच, पण सांगताना कोण कुठं रेंगाळतो ते बघावं. कीर्तनकार दरबारात रेंगाळतात, थैलीतून मोहरा कशा पडतच राहिल्या, बादशहाचे डोळे कसे विस्फारले. आज्जी कोठाराच्या दारात रेंगाळायची. कुलूप केवढं होतं, पंतांचा हात कापला का, आत ज्वारीचा वास कसा आला असेल, पहिल्यांदा कोण आत गेलं, कुणी पदरात घेतलं, कुणी धोतराच्या सोग्यात. मापं संपली तेव्हा ओंजळीनं दिलं. ते सांगताना तिची खडीनं फुटलेली बोटं सारखी ज्वारी मोजत असायची. बिदर तिनं दोन वाक्यांत उरकलेलं. "मग इठ्ठलानं पैसे भरले. झोपा आता."

मी एकदा विचारलं होतं, "आज्जी, इठ्ठलानं भरले नसते तर?" ती म्हणाली, "पंताला काय ठावं हुतं भरणारंय म्हून? त्यानं आधी कुलूप काढलं." पुढचं बोलणं म्हशीच्या रेड्यावर गेलं.

तर अशी ही दामाजीची गोष्ट मी पार्किंगमध्ये सांगितली आणि तिला जोडून, मंगळवेढाच म्हणून, चोखोबाची. चोखोबा देवळात का जाऊ शकत नव्हते हे सांगावं लागलं. सांगितलं. विटाळ म्हणजे काय हे नऊ वर्षांच्या पोरांना सांगताना आपली जीभ कशी अडखळते, हे ज्यानं सांगितलंय त्यालाच ठाऊक. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना मोकळं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषणाला बसावं लागलं, हेही सांगितलं. मग शेवट. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचं काम चाललेलं, चोखोबा कामावर, भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांबरोबर खाली गाडले गेले. साल 1338. नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातली हाडं कानाशी धरून बघितली, ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून गोळा केली आणि पंढरपूरला महाद्वारापाशी समाधी बांधली.

सेंट्रिंगवाल्याची मुलगी चौथीत आहे. ती फारसं बोलत नाही, पाठीमागं स्कूटरला टेकून बसते. तिचा बाप रोज सकाळी डबा घेऊन बांधकामावर जातो आणि रात्री सिमेंटनं पांढरा होऊन येतो. ती म्हणाली, "काकू, दामाजींचे पैसे भरायला बिदरला गेला ना विठोबा? मग भिंत का नाही धरली?"

पार्किंगमध्ये ट्यूबलाइटचा तेवढा आवाज.

ह्याची उत्तरं मला पाठ आहेत. प्रारब्ध, भक्ताची कसोटी, देह नश्वर. सांगितली असती तर तिनं ऐकूनही घेतली असती, पोरं घेतात ऐकून. पण समोर बसलेलीचा बाप रोज भिंतीखाली उभा राहतो. मी म्हटलं, "मला माहीत नाही गं."

तिनं जरा विचार केला. "नामदेवांना कुणी सांगितलं, जाऊन हाडं आण म्हणून?"

"विठोबानंच सांगितलं म्हणतात."

"म्हणजे त्याला माहीत होतं."

तिनं हे कशा अर्थानं म्हटलं, ते मला आजही सांगता येत नाही. देवाचं लक्ष होतं म्हणून बरं वाटलं, की लक्ष असूनही काही केलं नाही असा तो आरोप होता? आवाजावरून कळेना. मी काही बोलणार, तेवढ्यात ती पुन्हा म्हणाली, "आणि बाकीच्या मजुरांची?"

"काय?"

"त्यांची हाडं कुणी नेली?"

इतकी वर्षं ऐकतेय मी ही गोष्ट. कीर्तनात ऐकली, रेडिओवर ऐकली, महाद्वारातल्या त्या समाधीपाशी हात जोडून उभी राहिले. ढिगाऱ्यात आणखी माणसं होती, हे गोष्टीतच सांगितलेलं आहे. नाहीतर हाडं ओळखायची वेळच आली नसती. तरी ती मला दिसली नव्हती. तिला दिसली, कारण ती नेमकी त्यांच्याच बाजूनं ऐकत होती. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, असं मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली. मग आईची हाक आली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाप निघाला तेव्हा मी वरून बघत होते, ती फाटकापर्यंत त्याच्या मागं गेली आणि त्याची ती पिवळी टोपी, कामावर घालायची, त्याच्या पिशवीतून काढून तिनं त्याच्या हातात दिली. तो हसला, टोपी हँडलला अडकवली आणि गेला. रोज देते की त्याच दिवशी दिली, मी विचारलं नाही.

त्या शनिवारनंतर मला वाटलं, पोरं येणार नाहीत. आली. उलट आता प्रश्न वाढले. कड्यावरून झेलल्यानंतर सिद्धरामाचं काय झालं, असं विचारायला लागली, म्हणून मी पुढची गोष्ट काढली. खरं तर पुढचीच जास्त आपली आहे. मल्लिकार्जुनानं त्याला श्रीशैलला ठेवून नाही घेतलं, परत सोन्नलगीला पाठवलं. परत येऊन त्यानं काय केलं, तर तळं खोदलं. गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. आज देवळाला चहूबाजूंनी पाणी आहे आणि पलीकडे भुईकोट किल्ल्याचा तट, ते पाणी त्या खोदकामाचं. अवर्षणाच्या मुलखात कड्यावरून परत आलेला माणूस कुदळ हातात घेतो, ह्यावर मला खरं तर खूप काही बोलायचं असतं, पण पोरांना तळ्यातले मासे जास्त आवडतात.

गोष्ट तिथंही सरळ जात नाही, हे मला विशेष आवडतं. पुढं अल्लमप्रभू नावाचे शरण संत सोन्नलगीत येतात आणि एवढं तळं, एवढी देवळं बांधणाऱ्या सिद्धरामाला खडसावतात, ह्या दगडामातीत अडकून बसलास होय! आणि त्याला कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या अनुभवमंटपात, शरणांच्या चर्चासभेत, घेऊन जातात. म्हणजे झेललेल्या माणसालाही पुन्हा शिकावं लागलं. त्याची वचनं कन्नडमध्ये आहेत, प्रत्येकाच्या शेवटी कपिलसिद्ध मल्लिकार्जुन अशी मुद्रा. दुसऱ्या मजल्यावरच्या अव्वांना त्यातली काही पाठ आहेत. त्यांनी एका शनिवारी खाली येऊन म्हणून दाखवली. पोरांना अर्थ कळला नाही, पण शेवटी मल्लिकार्जुन आला की सगळी एकदम ओरडायची. शाळेतल्या हजेरीसारखं झालं ते. अव्वा खूश.

संक्रांतीला सगळ्यांना घेऊन अक्षता सोहळ्याला गेलो. सगळ्यांना म्हणजे सहा पोरं, दोन आया आणि मी. आधीच्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक झालेला. सातही नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, तीस फुटांच्या आसपास उंचीचे, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं कमरेच्या पट्ट्यावर तोलून आणतात. खाली एक पाय चुकला तर वरचं टोक केवढं झुकतं! कुंभाराच्या मुलीला सिद्धरामाशी लग्न करायचं होतं, त्यानं आपल्या योगदंडाशी कर म्हणून सांगितलं, त्या लग्नाच्या ह्या अक्षता. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" सम्मती कट्ट्याभोवती माणूसच माणूस. पहिलीतला, म्हणजे आता दुसरीतला, तो माझ्या कडेवर बसायला तयार नाही, मोठा झालाय. माझा पदर तेवढा मुठीत. चौथीतली, आता पाचवीत, तिचा बाप त्या दिवशी सुट्टी घेऊन आलेला, ती त्याच्या खांद्यावर. तिनं अक्षता टाकल्या त्या निम्म्या आमच्याच डोक्यावर.

येताना होम मैदानावर जत्रेत पाळणे, खाण्याचे गाडे, हुरडा. हुरडा बघून छोट्याला गोष्ट आठवली. "काकू, सांग ना ती परत. पण दहीभातापर्यंतच."

"पुढचं नको?"

"पुढचं माहितीय. दहीभाताचं सांग. वाटी होती का डबा?"

मी म्हटलं, मडकं असेल. किंवा पानात बांधून दिला असेल. मग तिथंच, हुरड्याच्या गाड्यापाशी, वाद सुरू झाला. कन्नड घरातला म्हणाला, तो दहीभात घेऊन श्रीशैलपर्यंत गेला का टाकून दिला? टाकला असेल बे, चारशे किलोमीटर! टाकेल कसा, मल्लय्याला द्यायचा होता की. मग आंबला नसेल? पायी जायचं म्हणजे किती दिवस? पंधरा? आंबणारच. माझ्या गॅलरीत तर दुपारीच आंबला होता.

सेंट्रिंगवाल्याची पोरगी बापाच्या खांद्यावरून खाली वाकून म्हणाली, "दूध जास्त घातलं तर आंबत नाही लवकर. माझी आई पप्पांच्या डब्यात तसंच घालते. विरजण थोडंसंच."

सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. सुग्गलादेवीनं घातलं होतं का दूध?

"घातलं असणार," मी म्हटलं. "लांब जायचं होतं ना पोराला."

"पण तिला कुठं माहीत होतं लांब जायचंय ते?" छोटा म्हणाला. "ती तर शेतातच पाठवत होती."

हुरडेवाल्यानं पानावर गरम दाणे आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली, आणि सहाच्या सहा हात एकदम पुढं आले.